मंदीनें बांधलेला किनारा

मुंबईस जाण्याचे प्रसंग आम्हां पुणेकरांस कांहीं उणे नसतात. लग्नमुंज असो, परदेशीं निघालेल्या कोणा आप्तास निरोप द्यावयाचा असो, कीं एखाद्या मोठ्या डॉक्टरांची गांठ घ्यावयाची असो, वर्षाकांठीं चारपांच खेपा घडतातच. आणि प्रत्येक खेपेस मुंबई पाहावयाची तेवढी राहून जाते. दादरला उतरावें, काम उरकावें, परतीची गाडी गांठावी, हा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम. तो प्रथम मोडला २००९ सालच्या माघांत, आणि मोडावयास कारण झाली ती जगभर पसरलेली मंदी.

आमचा पुतण्या, म्हणजे थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा, मुंबईंत एका परदेशी पेढीच्या कचेरींत नोकरीस होता. २००८ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स ही दीडशें वर्षांची पेढी कोसळली, आणि त्या हादऱ्यानें देशोदेशींच्या ज्या असंख्य खुर्च्या रिकाम्या झाल्या, त्यांतली एक आमच्या पुतण्याची होती. जानेवारीच्या अखेरीस एका शुक्रवारीं दुपारीं त्याला आंत बोलावलें, तीन महिन्यांचा पगार देऊं म्हणून सांगितलें, आणि टेबलाच्या खणांतल्या चीजवस्तु एका खोक्यांत भरून तासाभरांत बाहेर पडावयास लावलें. घरीं त्यानें हें आठ दिवस कळूं दिलें नाहीं. रोज सकाळीं डबा घेऊन निघावें, कोठें तरी वाचनालयांत बसावें, आणि दिवेलागणीनंतर परतावें. नवव्या दिवशीं सूनबाईनें डबा त्याच्या हातीं देतां देतां सहज म्हटलें, "आजकाल डबा पुरा संपतो, कचेरींत चहाबरोबर कांहीं मिळत नाहीं वाटतें?" तेव्हां तो मट्कन खालीं बसला आणि सगळा उलगडा झाला.

पुण्यास बातमी आली त्या रात्रीं घरांत कोणी फारसें बोललें नाहीं. मुलुंडला घेतलेल्या जागेचें कर्ज पुतण्याच्या डोक्यावर होतें, तें आम्हां सर्वांस ठाऊक होतें. जागा घेतांना दादांनीं, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंनीं, पैसे देऊं केले होते. "हप्ता माझा मी भरीन," असें ताडकन उत्तर आलें होतें, आणि तेव्हांपासून त्या विषयावर बापलेकांत अबोला नसला तरी बोलणेंही नव्हतें. दादा स्वतः जाणार नाहींत हें उघड होतें. "तूं जाऊन ये," एवढेंच ते आम्हांस म्हणाले. आमच्या आत्याबाईंनीं मात्र कोणास न विचारतां आपली पिशवी भरली. त्यांचा जन्म १९२६ चा. बालपण गिरगांवांत आणि पुढें दादरला गेलेलें. त्र्यायशीं वर्षांच्या बाईंनीं लोकल गाडींत चढण्याउतरण्याचा उपद्व्याप करूं नये असें सर्वांनीं सांगून पाहिलें. "मुंबई माझी आहे, तुमची नव्हे," या उत्तरापुढें कोणाचें चाललें नाहीं.

त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून मंदीच्या उजळ बाजूविषयीं लेख पुष्कळ येत असत. जागांच्या किंमती उतरतील, तरुण पिढी काटकसर शिकेल, माणसें पुन्हां घरीं जेवूं लागतील, असा त्यांचा सूर. ज्याची नोकरी शाबूत आहे त्यानें असे लेख लिहावे आणि ज्याची गेली आहे त्यानें ते वाचावे, ही वांटणी आम्हांस तितकीशी रुचत नव्हती. गाडींत आत्याबाईंस असा एक लेख आम्हीं वाचून दाखविला. त्यांनीं तो डोळे मिटून ऐकला, आणि "यांतलें खोटें कांहीं नाहीं, पण यानें अर्धेंच सांगितलें आहे," असें म्हणून त्या पुन्हां झोंपीं गेल्या.

दादर स्टेशनावर पुतण्या घ्यावयास आला होता, आणि तोही भर दुपारीं. आठ वर्षांत हा मुलगा आम्हांस दिवसाउजेडीं मुंबईंत भेटल्याचें आठवत नाहीं. दाढी वाढली होती, चेहरा ओढलेला होता. पण आत्याबाईंचा हात धरून जिना उतरवितांना त्यानें जी सावकाशी दाखविली, ती पूर्वीं त्याच्या अंगीं नव्हती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा घेतांना तोच म्हणाला, "काका, आत्याआजी, चला, तुम्हांला मुंबई दाखवतों. माझ्याकडे आतां वेळच वेळ आहे." शेवटचें वाक्य तो हंसत म्हणाला, हंसला कोणीच नाहीं. तरी पण निघालों.

चर्चगेट स्टेशनाबाहेर पडून रस्ता ओलांडला कीं ओव्हल मैदान लागतें. मैदानाच्या मधून एक पायवाट पूर्वेकडून पश्चिमेस जाते. वाचकांपैकीं ज्यांस मुंबईस जाण्याचा योग येईल त्यांनीं त्या वाटेच्या मध्यावर दहा मिनिटें उभें राहावें अशी आमची शिफारस आहे. पूर्वेस तोंड केलें म्हणजे विद्यापीठाचें सभागृह, ग्रंथालय, त्यावरचा २८० फुटांचा राजाबाई मनोरा आणि शेजारीं उच्च न्यायालयाची प्रचंड इमारत, अशी काळ्याकरड्या दगडांची, टोंकदार कमानींची रांग दिसते. तसेंच वळून पश्चिमेकडे पाहिलें तर सर्वच निराळें: फिकट पिवळ्या, गुलाबी, हिरवट रंगांच्या, एकसारख्या उंचीच्या इमारती, गोल वळणाच्या गॅलऱ्या, बोटीच्या कठड्यासारखे कठडे, खिडक्यांवर भुंवयांसारखे छज्जे. दोहींच्या मधें क्रिकेट खेळणारीं पोरें. या दोनही रांगा मिळून २०१८ सालीं युनेस्कोनें त्यांची जागतिक वारशांत गणना केली. आम्ही गेलों तेव्हां तो मान मिळावयाचा होता. पण त्या सकाळीं तेथें उभे असतां पुतण्यानें जें सांगितलें तें आम्हांस अधिक मोलाचें वाटलें. वाचनालयांत काढलेल्या त्या आठ दिवसांत त्यानें मुंबईच्या इतिहासावरचीं पुस्तकें वाचून काढलीं होतीं. "काका," तो म्हणाला, "या दोन्ही रांगा म्हणजे दोन मंद्या आहेत. तुम्ही दोन दिवाळ्यांच्या मधोमध उभे आहां."

पहिली कथा १८६५ ची. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, दक्षिणेकडील राज्यांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि त्या गिरण्यांची भूक भागविण्याचें काम मुंबई बंदराकडे आलें. वऱ्हाड, खानदेश, गुजराथ येथल्या कापसास कोणीं स्वप्नींही पाहिला नसेल असा भाव आला. चारपांच वर्षांत नेहमींच्या किंमतीहून सुमारें आठ कोटी पौंड अधिक मुंबईच्या पदरांत पडले, असा हिशेब त्या काळच्या लेखकांनीं मांडून ठेविला आहे. एवढा पैसा ठेवावयाचा कोठें? बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, आणि त्या सर्वांत मोठें स्वप्न होतें समुद्र बुजवून जमीन करण्याचें. बॅक बे म्हणजे पश्चिमेचा उपसागर. तो भरून काढण्यासाठीं निघालेल्या कंपनीच्या शेअरांचे भाव मूळ किंमतीच्या कित्येक पटींनीं चढले. कारकून, दलाल, वकील, डॉक्टर, सरकारी अंमलदार, सारेच त्यांत उतरले. १८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतलें युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै हा वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हां पुरे करण्यास कोणाजवळच कांहीं उरलें नव्हतें. या साऱ्या खेळाचे नायक शेठ प्रेमचंद रायचंद, तेही बुडाले. जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ सालीं गुंडाळावी लागली.

येथवरची गोष्ट कोणत्याही मंदीची असूं शकेल. पुढची मात्र मुंबईची. प्रेमचंद शेठजींनीं भरभराटीच्या दिवसांत, १८६४ सालीं, विद्यापीठास ग्रंथालयासाठीं दोन लाख आणि आईच्या नांवानें मनोरा उभारण्यासाठीं आणखी दोन लाख रुपये देऊन ठेवले होते. शेठजींची दौलत गेली, देणगी राहिली. मनोऱ्याचें काम १८६९ सालीं सुरू होऊन १८७८ सालीं पुरें झालें. किल्ल्याची तटबंदी पाडून मोकळी झालेली जमीनही तेजीच्याच काळांत विकली गेली होती. त्या पैशांतून ठरलेल्या सरकारी इमारती मंदीच्या वर्षांत एकामागून एक चढत गेल्या. आणि बॅक बे कंपनी बुडाली तरी तिनें किनाऱ्यानें घातलेला भराव बुडाला नाहीं. त्या पट्ट्यावरून बी. बी. सी. आय. रेल्वेचे रूळ चर्चगेटवरून कुलाब्यापर्यंत गेले, ते १९३० च्या अखेरीपर्यंत तेथें होते. ज्यांचे पैसे त्या भरावांत गेले त्यांच्या नातवंडांनीं त्यावरून गाडींत बसून समुद्र पाहिला असेल. तें त्यांच्या आजोबांना कितपत पटलें असतें कोण जाणे.

दुसरी कथा आमच्या अधिक जवळची. पहिलें महायुद्ध संपल्यावर मुंबईंत पुन्हां तशीच तेजी आली. जागांचे भाव भडकले, राहावयास घरें मिळेनात. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनीं १९२० सालीं 'डेव्हलपमेंट' खातें काढलें, आणि तोच उपसागर भरण्याची योजना पुन्हां हातीं घेतली. यावेळीं आठ विभाग मिळून सुमारें ११४५ एकर. त्याच खात्यानें गिरणीकामगारांसाठीं पन्नास हजार खोल्या बांधावयाचें ठरविलें. वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथल्या बी. डी. डी. चाळी त्या त्याच. पन्नास हजारांच्या जागीं सोळा हजारांच्या आसपास खोल्या होऊन काम थांबलें. समुद्राची गत तीच. समुद्रतळाचा गाळ उपसून आंत टाकणारें यंत्र अपेक्षेप्रमाणें काम देईना, खर्चाचे आंकडे फुगत चालले, आणि इकडे जमिनीचे भाव खालीं येऊं लागले. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनीं या कारभारावर असा भडिमार केला कीं १९२६ सालीं चौकशी समिति नेमावी लागली. एका इंजिनिअरानें त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरला, त्यांतूनही नरिमन निर्दोष सुटले. आठांपैकीं चार विभाग पुरे करावे आणि बाकीच्यांना हात लावूं नये, असें ठरलें. ज्या नरिमनांनीं समुद्र बुजविण्यास एवढा विरोध केला, त्यांचेंच नांव पुढें तो आणखी बुजवून केलेल्या नरिमन पॉईंटला मिळालें, हा मुंबईचा विनोद आहे. त्यांच्या नांवच्या रस्त्यानेंच आम्ही ओव्हलकडून समुद्राकडे चाललों होतों.

आतां पाहा, ही फसलेली जमीन विक्रीस तयार झाली केव्हां, तर १९२९ सालीं न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळून साऱ्या जगावर महामंदी आली तेव्हां. याहून वाईट मुहूर्त शोधून सांपडला नसता. आणि तरीही मरीन ड्राईव्ह बांधला गेला तो याच दशकांत. हें कोडें आम्हांस वाटेनें चालतां चालतां पुतण्यानें सोडवून दिलें. शेतमालाचे भाव निम्म्यावर आले, तेव्हां खेड्यांत सावकारींत गुंतलेला पैसा मोकळा होऊन शहराकडे पळाला. व्यापारांत नफा नाहीं, बँकांत व्याज नाहीं. मग धनिकांनीं, विमा कंपन्यांनीं, संस्थानिकांनीं तो विटासिमेंटांत घातला. लोखंड स्वस्त, सिमेंट स्वस्त, मजूर स्वस्त. सिमेंट तर आतां याच देशांत होऊं लागलें होतें, आणि आपसांतल्या चढाओढीनें हैराण झालेल्या दहा कंपन्या १९३६ सालीं एक होऊन ए. सी. सी. ही मोठी कंपनी झाली. दगड घडविण्याचा काळ संपून सिमेंटाचे गोल कोपरे वळविण्याचा काळ आला. १९३३ सालीं रीगल, १९३८ सालीं इरॉस, अशीं चित्रपटगृहें उभीं राहिलीं. फोर्टांत न्यू इंडिया विमा कंपनीची इमारत झाली, तिचे शिल्पज्ञ मास्टर, साठे व भुता. आणि या नव्या धर्तीच्या घरांना ज्यांनीं सर्वांत सुंदर रूप दिलें त्यांत गजानन बाबूराव म्हात्रे यांचें नांव फार वरचें आहे. घरमालक गुजराथी, पारशी, मारवाडी, सिंधी. त्यांना आपल्या चालीरीती जाणणारा, माफक फी घेणारा, इथला माणूस हवा होता. मंदी नसती तर म्हात्र्यांच्या पिढीस एवढें मोकळें रान मिळालें असतें कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

रस्त्याच्या टोंकाशीं, समुद्रासमोरच्या कोपऱ्यावर, म्हात्र्यांचा १९३७ चा सूना महाल आहे. तेथें पोंचतांच वारा अंगावर आला, आणि आत्याबाई थबकल्या. "हा इथें नव्हता," त्या म्हणाल्या. "आम्ही आलों तेव्हां इथें नुसता बांबूंचा पिंजरा होता."

मरीन ड्राईव्हची लांबी साडेतीन किलोमीटरांहून थोडी अधिक आहे. इतक्या लांबीचा, एका मापाचा, एका उंचीच्या घरांचा आणि समोर आडकाठी नसलेला किनारा मुंबईसारख्या हपापलेल्या शहरास कसा लाभला, याचें उत्तर आम्हांस आतां ठाऊक झालें होतें: पैसे संपले म्हणून. ११४५ एकर भरले गेले असते तर दक्षिणेकडचा निम्माशिम्मा उपसागर तेव्हांच नाहींसा झाला असता. कफ परेडपुढचा समुद्र आणखी तीसएक वर्षें टिकला, आणि त्या बाजूच्या कोळ्यांच्या होड्या आजही तेथें लागतात, त्याचें श्रेयही कोणा शहाण्याच्या दूरदृष्टीस नसून रिकाम्या तिजोरीस आहे. पुढें १९६० नंतर पैसा आला, आणि बुजविणें पुन्हां सुरू झालें. २०२४ सालीं तर मरीन ड्राईव्हच्या उत्तर टोंकापासून वरळीपर्यंतचा सागरी रस्ताही खुला झाला. वेळ पुष्कळ वांचतो म्हणतात. आम्हीं त्यावरून एकदां प्रवास केला. समुद्र मोटारींतून नीट दिसला नाहीं.

भिंतीवर बसावयास जागा सांपडली. एकादशी असल्यानें आत्याबाईंसाठीं डब्यांत साबुदाण्याची खिचडी होती. ती त्यांनीं समुद्राकडे पाठ करून, लोकांस पाहत खाल्ली. ऊन उतरूं लागलें तसतशी माणसें वाढत गेलीं. कचेऱ्या सुटावयास अवकाश होता, तरी गळ्यांत टाय बांधलेले पुष्कळ तरुण तेथें भिंतीवर बसलेले दिसले. त्यांच्याजवळही बहुधा वेळच वेळ होता.

साडेपांचाच्या सुमारास शाळा सुटल्यावर सूनबाई येऊन मिळाली. ती शिक्षिका आहे. तिच्या पगारावर घर चालत होतें, हप्ता मात्र निघत नव्हता. ती आत्याबाईंच्या पायां पडली, आणि आत्याबाईंनीं तिचा हात धरून तो तसाच धरून ठेवला. हातांत कांचेच्या दोन दोन बांगड्या होत्या, दुसरें कांहीं नव्हतें.

"लग्नांतल्या पाटल्या कुठें ग?"

ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "पर्सेंत आहेत, आत्याआजी. आज येतां येतां सराफाकडे भाव विचारून आलें. दहा ग्रॅमला पंधरा हजारांवर आहे सध्यां. इतका कधींच नव्हता. आतां काढल्या तर चार हप्ते निघतील."

पुतण्यास हें ठाऊक नव्हतें. त्यानें एकदां तिच्याकडे पाहिलें आणि तोंड समुद्राकडे फिरविलें. आम्हांसही काय बोलावें सुचेना. आत्याबाईंनीं डब्याचें झांकण घट्ट लावलें, तो पिशवींत ठेवला, आणि कोणाकडेही न पाहतां बोलावयास आरंभ केला.

१९३२ सालीं त्या सहा वर्षांच्या होत्या. आमचे आजोबा सरकारी कचेरींत कारकून, बिऱ्हाड गिरगांवांत दोन खोल्यांचें, नळ आणि शौचकूप मजल्यावर सर्वांत मिळून. सरकारनें नोकरांच्या पगारांत दहा टक्के कपात केली, तेव्हां नव्वदांचे एक्यायशीं रुपये झाले. पण ज्वारी, तांदूळ, कापड सर्वच इतकें उतरलें होतें कीं आजीच्या हातीं महिनाअखेर पूर्वींपेक्षां अधिक शिल्लक राही. ज्याला ठराविक पगार आहे त्याला मंदी म्हणजे बढती, हें गणित त्या घरानें तेव्हां अनुभवलें. त्याच सुमारास आजोबांचे वडील बंधु सातारा जिल्ह्यांतल्या गांवाहून आले. शेती ते पाहत. गुळाला आणि ज्वारीला भाव नाहीं, सारा मात्र पहिल्याइतकाच, आणि सावकाराचें व्याजही पहिल्याइतकेंच. १९३१ च्या सप्टेंबरांत इंग्लंडनें सुवर्णचलन सोडलें, रुपया पौंडाशीं बांधलेला म्हणून तोही उतरला, आणि तोळ्याला एकवीस रुपयांच्या आसपास असलेलें सोनें वर्षभरांत तिसांच्या घरांत गेलें. सबंध देशांतून डाग निघाले. मुंबई बंदरांतून सोनें भरून बोटी विलायतेस जात होत्या. त्या बोटींत आमच्या थोरल्या आजींच्या पांच तोळ्यांच्या पाटल्या होत्या.

"नाना आणि काका झवेरी बाजारांतून आले, तें मला आठवतें," आत्याबाई म्हणाल्या. "दीडशें रुपये आले म्हणून दोघेही खुषींत होते. घेतल्या तेव्हांपेक्षां किती तरी अधिक मिळाले, मंदीनें निदान सोन्याचें तरी भलें केलें, असें म्हणत होते. काकू त्या खेपेस बरोबर आल्या होत्या. त्या स्वयंपाकघरांत बसल्या होत्या. त्या माझ्या आईला म्हणाल्या, 'सोन्याला भाव आला म्हणतात. माझ्या हाताला कांहीं कोणीं विचारलें नाहीं.'"

त्या दीडशांनीं व्याज फिटलें, मुद्दल तसेंच राहिलें. १९३६ सालीं जमीन गेली. आणि १९३६ सालींच आजोबांनीं गिरगांव सोडून दादरला तीन खोल्यांचा ब्लॉक घेतला. तिकडे नव्या इमारतींवर 'जागा भाड्यानें देणें आहे' अशा पाट्या लटकत होत्या. पहिल्या महिन्याचें भाडेंही मालकानें सोडलें. घरांत आपला नळ, आपली मोरी, गॅलरींतून वारा. आमच्या घरांत त्या ब्लॉकची गोष्ट फार प्रेमानें सांगितली जाते: मंदी आली म्हणून आपण चाळींतून बाहेर पडलों, थोरल्या घरचे दोघे मुलगे शिकावयास तेथें आले, अकरा माणसें तीन खोल्यांत नांदलीं, एक शेतकीखात्यांत अधिकारी झाला, दुसरा नांवाजलेला शिक्षक. ही गोष्ट आम्हीं लहानपणापासून इतक्यांदां ऐकली आहे कीं तिच्यांत कांहीं भर पडेल असें वाटलें नव्हतें.

"हें सगळें खरें आहे," आत्याबाई म्हणाल्या. "पण जमीन गेली त्या वर्षीं नानांचे पोस्टांत चारशें रुपये होते. काकांनीं मागितले नाहींत, आणि नानांनीं विचारलें नाहीं. एकाला मागण्याची लाज, आणि दुसऱ्याला वाटलें मागतील तेव्हां देऊं. पुढें त्या पैशांतून ब्लॉकासाठीं सामान आलें. तें शिसवी कपाट तुमच्या पुण्याच्या माजघरांत आहे ना, तें त्यांतलेंच. त्याला लोणच्याच्या बरण्या ठेवतां तुम्ही."

सूर्य पाण्याला टेंकला होता. मलबार हिलवरचे दिवे एकेक लागत होते, आणि ज्याला आपण राणीचा रत्नहार म्हणतों तो किनाऱ्याच्या वळणानें हळूहळू गुंफला जात होता. आम्हीं खिशांतून मोबाइल काढून पुण्यास लावला. दादांनींच उचलला. आम्हीं सर्व सांगण्यास आरंभ केला, तों त्यांनीं मध्येंच विचारलें, "हप्ता किती आहे?" आंकडा सांगितला. पलीकडून थोडा वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं, मग, "त्याला दे."

पुतण्यानें फोन कानाला लावला. तो काय ऐकत होता तें आम्हांस कळलें नाहीं. तो बराच वेळ ऐकत होता, आणि बोलला तो एवढेंच, "हो बाबा." आणि मग, "हो, जेवलों."

पाटल्या पर्सेंतून पुन्हां हातांत गेल्या त्या आत्याबाईंच्या देखत, तेथेंच, भिंतीवर.

सात हप्ते दादांनीं भरले. सप्टेंबरांत पुतण्यास दुसरी नोकरी लागली, पगार पहिल्याच्या पाऊणपट. पण ती एका देशी कंपनींत होती आणि सात वाजतां घरीं येतां येई. आत्याबाई २०१४ सालीं गेल्या. दोन वर्षांच्या आंत त्यानें सर्व पैसे परत केले, वर व्याजाचे म्हणून एक पाकीट आणलें. दादा तें घेईनात, तो परत नेईना. शेवटीं दादांनीं तें न उघडतां माजघरांतल्या शिसवी कपाटांत, बरण्यांच्या मागें ठेवून दिलें. दर दिवाळींत साफसफाईच्या वेळीं तें बाहेर निघतें, बापलेकांत थोडा वाद होतो, आणि कपाट पुसून झालें कीं पुन्हां आंत जातें.